बाहेरून आलेल्यांचं बेट

मॉरिशसमध्ये गुलमोहर डिसेंबरात फुलतो. आपल्याकडे मे महिन्यात परीक्षांचे निकाल आणि गुलमोहर बरोबर येतात. तिथे नाताळच्या दिवसांत सगळे रस्ते लाल झालेले असतात. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून उन्हाळा उलटा. गुलमोहर मूळचा शेजारच्या मादागास्करचा. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसमध्ये राहणाऱ्या वेन्सेस्लास बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञामुळे जगाला त्याची ओळख झाली. आज आपल्या तालुक्याच्या गावातही तो इतका रुळला आहे की परका वाटतच नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यामुळे कुठेही गेले तरी आधी झाड कुठून आलं ते विचारते. मॉरिशसमध्ये हा प्रश्न झाडापाशी थांबत नाही. 1638 मध्ये डच लोकांनी वस्ती करेपर्यंत या बेटावर माणूस कायमचा राहिलेलाच नव्हता. जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणी म्हणाल तर फक्त वटवाघूळ. ऊस, हरिण, माकड, मुंगूस, फ्रेंच, इंग्रज, आफ्रिकी, चिनी, भोजपुरी, तमिळ आणि आपली मराठी माणसं, सगळे कुठून तरी बोटीने आले. ज्वालामुखीतून वर आलेला खडक आणि त्यावर वाऱ्याने, लाटांनी, पक्ष्यांनी आणलेलं रान, एवढंच तिथलं स्वतःचं. जुने विद्यार्थी आता फोन करून विचारतात, ‘मॅडम, मॉरिशसला काय काय पाहायचं?’ मी सांगते, जे पाहाल ते कुठून आलं हे विचारत पाहा, म्हणजे तीच ठिकाणं दुप्पट दिसतात.

सुरुवात किनाऱ्यापासूनच करू, कारण लोक जातात त्याच ओढीने. कोकणातल्या माणसाला समुद्राचं काय कौतुक, असं मलाही वाटायचं. पण हा समुद्र वेगळा आहे. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे. खुल्या महासागराची लाट दूर त्या भिंतीवर फुटते. तिथे पांढरी रेघ दिसते आणि गडगडाट ऐकू येतो. अलीकडचं पाणी मात्र उथळ आणि शांत. वाळूही पांढरी, कारण ती मुख्यतः प्रवाळाचा आणि शिंपल्यांचा चुरा आहे. प्रवाळाला स्वच्छ, उबदार, खारं पाणी लागतं. जिथे नदी गोडं पाणी आणि गाळ घेऊन येते तिथे तो वाढत नाही, भिंतीत खिंड पडते आणि जहाजांना आत यायला वाट मिळते. आपल्याकडे पावसाळ्यात नद्या समुद्र लाल करून टाकतात. मालवणला सिंधुदुर्गाजवळ थोडे प्रवाळ आहेत, पण असं भिंत घालण्याइतकं राज्य त्यांना आपल्या किनाऱ्यावर मिळत नाही.

ही भिंत काय करते ते पाहायचं तर दक्षिण टोकाला ग्रि-ग्रि या ठिकाणी जा. तिथे किनाऱ्यासमोर प्रवाळ नाही. काळ्या बेसाल्टच्या कड्यावर लाटा थेट आदळतात, उभं राहायला वारा देत नाही आणि पोहायला सक्त मनाई आहे. पश्चिमेचा फ्लिक-आं-फ्लाक किंवा उत्तरेचा त्रू-ओ-बिश पाहून मग ग्रि-ग्रिला जावं. एकाच बेटाचे हे दोन चेहरे मनात नीट बसतात. किनाऱ्यावर सावली असते ती सुरूची, आणि इथला सुरूही आणलेलाच. हॉटेलांच्या गर्दीत एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी: भरतीच्या रेषेखालचा किनारा सगळ्यांचा असतो. रविवारी तिथली कुटुंबं डबे आणि ढोलकं घेऊन येतात, तेव्हा किनाऱ्याला खरी शोभा येते.

विमानतळाजवळच्या ब्लू बेमध्ये काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहता येतो. तोंडाला नळी लावून पाण्यात उतरलात तर पाय प्रवाळावर ठेवू नका. तो दगड दिसतो, पण तो प्राण्यांनी बांधलेला आहे आणि वाढतो अतिशय सावकाश. या उपसागराच्या जवळच, प्वँत देस्नीला, 25 जुलै 2020 रोजी ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज प्रवाळावर चढलं. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यातून सुमारे हजार टन तेल सांडलं. तेव्हा बेटावरची माणसं कुणाची वाट न बघता किनाऱ्यावर जमली. कापडाच्या लांब पिशव्या शिवून त्यांत उसाचा पाला भरला आणि तेल अडवायला पाण्यावर तरंगते बांध घातले. लोकांनी केस कापून दिले, कारण केस तेल धरून ठेवतात. मॉरिशसचं कुठलं दृश्य पाहायला हवं होतं असं कुणी विचारलं, तर मी ते सांगेन.

तिथूनच होडीने थोड्या अंतरावर इल-ओझ-एग्रेत हे चिमुकलं बेट आहे. माझ्या मते संपूर्ण सहलीतली ही सर्वांत मोलाची जागा आहे, आणि आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात ती क्वचितच असते. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ही संस्था इथे मूळचं किनारी जंगल पुन्हा उभं करते आहे. बाहेरची झुडपं उपटायची, उंदीर हटवायचे, मूळची रोपं लावायची, हे काम वर्षानुवर्षं चाललं आहे. इथे एबनीची झाडं आहेत. आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातली. काळ्याभोर लाकडासाठी डचांनी ती मॉरिशसभर तोडली. एबनीची फळं खाऊन बी पसरवायला पूर्वी इथली राक्षसी कासवं होती. ती माणसांनी खाऊन संपवली. मग संस्थेने अल्दाब्रा बेटांवरची कासवं आणून सोडली. ती फळं खातात, फिरतात, विष्ठेतून बी टाकतात आणि तिथे एबनीची रोपं उगवतात. एका प्राण्याची रिकामी जागा दुसऱ्याने भरून काढलेली मी पुस्तकात शिकवली होती. इथे ती गुडघ्याएवढ्या रोपांच्या रूपात समोर उभी होती, आणि मला तिथून हलवेना.

डोडो गेला तो सतराव्या शतकातच. पण त्याच्यामागून जाणार होते ते काही पक्षी परत आणले गेले आहेत. गुलाबी कबुतरं 1990 च्या सुमारास जेमतेम दहा उरली होती, आज ती शेकड्यांत आहेत. मॉरिशसच्या खरूची या छोट्या शिकारी पक्ष्यांपैकी 1974 मध्ये फक्त चार माहीत होते. डोडोचे छाप असलेले शर्ट दुकानोदुकानी मिळतात. गुलाबी कबूतर पाहायला मात्र इल-ओझ-एग्रेतवर मान वर करून थांबावं लागतं.

पाम्प्लमूसची बाग सगळ्यांच्याच यादीत असते आणि ती असायलाच हवी. ताटांसारखी कडा दुमडलेली प्रचंड कमळाची पानं, सगळे फोटो त्यांचेच. ती व्हिक्टोरिया अॅमेझॉनिका, दक्षिण अमेरिकेची. तिचं फूल पहिल्या संध्याकाळी पांढरं उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, म्हणून शेजारी शेजारी दोन रंग दिसतात. पण ही बाग मुळात सौंदर्यासाठी नव्हती. लवंग आणि जायफळ यांचा व्यापार डचांनी मुठीत ठेवला होता. अठराव्या शतकात पिएर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याने मलुकू बेटांवरून त्यांची रोपं चोरून आणवली आणि इथे वाढवली. पुढे झांझिबारला लवंग गेली ती याच बेटसमूहातून, आणि झांझिबारची लवंग मुंबईच्या बाजारात आली. स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचं नाव आता बागेला आहे. बागेत वाटाड्या घ्या. पाट्यांवर फारसं काही कळत नाही.

नैर्ऋत्येला शामारेलची सात रंगांची माती आहे. ‘एवढंच?’ म्हणून निराश होणारे मी पाहिले आहेत, कारण लाकडी कठड्यामागचा तो भाग खरंच लहान आहे. पण ज्याने जांभा दगड पाहिला आहे त्याने निराश होऊ नये. ऊन-पावसाने बेसाल्ट कुजतो, विरघळणारे पदार्थ वाहून जातात, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहतात. कोकणातल्या सड्यांवर हेच घडलं आणि जांभा झाला. इथे दगड न होता रंगीत मातीचे उंचवटे राहिले: लोहाने लाल-तपकिरी, अॅल्युमिनियमच्या संयुगांनी निळसर-जांभळे. सकाळच्या तिरप्या उन्हात जा. वाटेत शामारेलचा धबधबा लागतोच.

तिथून ल मोर्नचा सुळका जवळ. 556 मीटर उंचीचा हा बेसाल्टचा ठोकळा समुद्रात पाय सोडून उभा आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम याच्या कपारींत लपत. 1835 मध्ये गुलामगिरी संपल्याचं सांगायला शिपाई वर आले, पण पकडायला आलेत असं समजून अनेकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, ही कथा तिथे पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. 2008 पासून हा डोंगर जागतिक वारसा आहे. मॉरिशसचं राष्ट्रीय फूल, ‘बूकल दोरेय’, लाल कर्णफुलासारखं लोंबणारं, निसर्गतः याच डोंगरावर उगवतं. पूर्ण चढ अवघड आहे; अर्ध्यापर्यंत गेलात तरी खालची निळाई दिसते. फोटोंत दिसणारा ‘पाण्याखालचा धबधबा’ याच टोकासमोर, पण तो दृष्टिभ्रम आहे, उतारावरून घसरणाऱ्या वाळूचा, आणि तो फक्त हवेतून दिसतो. हेलिकॉप्टरचे पैसे खर्चण्याआधी हे माहीत असू द्या.

गुलामगिरी संपत आली होती आणि मळ्यांना माणसं हवी होती. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अॅटलस’ जहाजातून 36 हिंदुस्थानी मजूर पोर्ट लुईला उतरले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं करारावर आली. ती जिथे उतरत तो आप्रवासी घाट पोर्ट लुईच्या मध्यवर्ती भागात आहे. दगडी सोळा पायऱ्या, काही खोल्यांचे अवशेष आणि शेजारी उत्तम संग्रहालय. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडची माणसं होती. त्यांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपल्या आहेत आणि वंशज तिथे येऊन पणजोबांचं गाव शोधतात. पायऱ्या पाहून झाल्या की उसाच्या शेतांतून प्रवास करताना मधेमधे उभे असलेले काळ्या दगडांचे ढीग बघा. शेत मोकळं करायला ते धोंडे हातांनी वेचून रचलेले आहेत. ‘सीनिक पॉइंट’ची पाटी तिथे नाही, पण प्रत्येक ढिगात कुणाची तरी पाठ आहे.

बंदराजवळच्या मध्यवर्ती बाजारात ढोल पुरी खा: शिजवून कोरडी वाटलेली डाळ भरलेली मऊ पोळी, जोडीने मिळते, आत पावट्यासारख्या दाण्यांची आमटी आणि मिरचीची चटणी. बरोबर सब्जा घातलेलं गार अलुदा. ग्रां बासांचा तलाव, म्हणजे गंगा तलाव, तिथली 108 फुटी शंकराची मूर्ती आणि महाशिवरात्रीला पायी येणारे लाखो लोक, हे सगळेच सांगतात, म्हणून मी लांबवत नाही. इल-ओ-सेर्फची वाळू सुंदर आहे, पण दुपारी होड्यांचा कल्लोळ असतो. सकाळी लवकर गेलात तरच जा.

मराठी घरांत आता बोलणं बहुतेक क्रिओलमधूनच होतं, पण गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि मूर्ती मिरवत समुद्रावर किंवा नदीवर नेल्या जातात. आपली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून टिकून आहे. गणपती तिथे पाहायचा बेत करणाऱ्याला हवामानही साथ देतं. मे ते नोव्हेंबर कोरडा आणि सुखद काळ. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा. जून ते ऑगस्टमध्ये पूर्व किनाऱ्यावर जोराचा वारा असतो, तेव्हा मुक्काम पश्चिमेला घ्या. मुंबईहून थेट विमान सहा-सात तासांत पोचतं, घड्याळ दीड तास मागे घ्यावं लागतं. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. मुक्काम एकाच हॉटेलात न ठेवता निम्मा उत्तरेला आणि निम्मा नैर्ऋत्येला ठेवा, म्हणजे पाम्प्लमूस, पोर्ट लुई एका फेरीत आणि शामारेल, ल मोर्न, ग्रि-ग्रि दुसऱ्या फेरीत होतात. इल-ओझ-एग्रेतची होडी मात्र आधी ठरवून ठेवा, शक्यतो सकाळची पहिली.