व्हॅनची उंची आणि हाइट बॅरियर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्हॅनची उंची म्हणजे जमिनीपासून गाडीच्या सर्वांत वरच्या टोकापर्यंतचे उभे अंतर. हे टोक टपाचेच असेल असे नाही. कॅरिअरची दांडी, टपावरचे एसीचे युनिट, रुग्णवाहिकेचा दिवा, मागच्या शिडीचे वळलेले टोक, ताडपत्रीखालून वर आलेला सामानाचा कोपरा, यांपैकी जे सर्वांत वर असेल तिथपर्यंत गाडी उंच. पार्किंगच्या तोंडाशी टांगलेला आडवा पाइप, रेल्वेपुलाखालचा भुयारी मार्ग, फाटकाआधीची हाइट गेजची चौकट आणि कमकुवत पुलापाशी उभारलेला हाइट बॅरियर अशा ठिकाणी या उंचीशी गाठ पडते. तिच्याबद्दलच्या समजुती मात्र पुष्कळदा सवयीवर आणि नजरेच्या अंदाजावर उभ्या असतात.

«माहितीपत्रकात उंची दिलेली असते, मोजायचे कशाला?»

माहितीपत्रकातला आकडा कारखान्यातून निघालेल्या, रिकाम्या, वरून काहीही न बसवलेल्या गाडीचा असतो. मारुती ईकोची उंची १८२५ मिलीमीटर आहे. २.१ मीटरच्या बॅरियरखाली तिच्या टपावर साडेसत्तावीस सेंटीमीटर मोकळे राहतात. त्यावर १५ सेंटीमीटर उंचीचे कॅरिअर बसवले की साडेबारा उरतात, आणि कॅरिअरवर एक मध्यम बॅग आडवी ठेवली तरी तेवढी जागा संपते. रोज ज्या सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी निर्धास्त ये-जा करते, तिथेच गणपतीला गावी निघताना तिचे सामान अडकते ते यामुळे. चालकाच्या नजरेला रोजच्या गाडीची सवय झालेली असते; त्या दिवशी गाडी वेगळी असते.

गाडीच्या नावावरूनही उंची कळत नाही. टाटा विंगर हे एकच नाव, पण ती सपाट टपाची आणि उंच टपाची अशा दोन्ही रूपांत विकली गेली आहे. शाळेची व्हॅन, रुग्णवाहिका किंवा राहण्याजोगी केलेली गाडी असेल, तर मूळ आकड्याचा उपयोग अंदाजापुरताच. उंची प्रत्यक्ष मोजणे हाच मार्ग आहे.

«टेप टपाला टेकवला की उंची कळते»

व्हॅनच्या बाजू फुगीर असतात आणि टप मध्यभागी किंचित वर आलेला असतो. टपाच्या कडेला टेप धरून खाली सोडला तर तो बाजूच्या फुगवट्यावरून जातो. शिवाय कडेची उंची मधल्या उंचीपेक्षा कमी असते. या दोन चुका एकमेकींना खोडतील याचा काही भरवसा नाही.

योग्य रीत सोपी आहे, फक्त दोन माणसे लागतात. गाडी सपाट फरशीवर किंवा काँक्रीटवर उभी करावी, टायरमध्ये नेमून दिलेली हवा असावी आणि गाडी रिकामी असावी. सर्वांत उंच ठिकाणावर एक सरळ फळी किंवा अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी अशी आडवी ठेवावी की तिचे टोक गाडीच्या बाजूबाहेर येईल. स्पिरिट लेव्हलने ती समपातळीत आणावी, टोकाशी ओळंबा सोडावा आणि पट्टीच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. मग हेच दुसऱ्या बाजूने करावे. दोन मापांत फरक आला तर जमीन उतरती आहे किंवा पट्टी हलली आहे असे समजावे आणि जागा बदलून पुन्हा मोजावे.

गवंडी पातळी काढायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतात, ती इथेही उत्तम चालते. नळीचे एक टोक टपावरच्या उंच बिंदूपाशी आणि दुसरे शेजारच्या भिंतीपाशी धरले की दोन्ही टोकांतले पाणी एकाच पातळीत थांबते. भिंतीवर खूण करायची आणि ती खूण जमिनीपासून मोजायची. भिंतीच्या पायाशी असलेली जमीन चाकांखालच्या जमिनीच्याच पातळीत आहे ना, हेही त्याच नळीने तपासता येते. लांब आणि रुंद गाडीला ही पद्धत फळीपेक्षा सोयीची पडते.

माप नेहमी वरच्या सेंटीमीटरला पूर्ण करावे आणि आकडा चालकासमोर चिकटवावा. ब्रिटनमध्ये ३ मीटरपेक्षा उंच मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये अशी उंचीची पाटी लावणे कायद्याने आवश्यक आहे. छोट्या व्हॅनलाही ती असावी, कारण बॅरियर समोर आल्यावर आकडा आठवत बसायला वेळ नसतो. कॅरिअर लावल्यावरचा आणि काढल्यावरचा असे दोन आकडे असतील तर दोन्ही लिहावेत.

त्या पाटीवर मीटर आणि फूट दोन्ही हवेत. «२.१ मीटर म्हणजे सात फूट» असे सर्रास धरले जाते, प्रत्यक्षात सात फूट म्हणजे २.१३ मीटर. हा तीन सेंटीमीटरचा फरक कॅरिअरची दांडी वाकवायला पुरतो. दशांश चिन्हाचा घोळ आणखी वाईट. ६.९ फूट म्हणजे सहा फूट नऊ इंच नव्हे, तर सहा फूट आणि जवळजवळ अकरा इंच.

«माल भरला की गाडी उंच होते, रिकामी असली की बसते»

टपावर काही नसेल तर घडते याच्या उलट. माल भरला की पाटे दबतात, टायर थोडे चपटतात आणि गाडी खाली बसते. रिकामी गाडी सर्वांत उंच. म्हणूनच तळघरातल्या गोदामात माल घेऊन बॅरियरखालून अलगद आत गेलेली व्हॅन माल उतरवून बाहेर येताना त्याच पाइपाला घासते. रिकामी असताना मोजायचे ते याच कारणासाठी.

टायरमधली हवा सोडली की हवी तेवढी जागा मिळते, हीदेखील अतिशयोक्ती. १५५/६५ आर १३ या मापाच्या टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची १५५ मिलीमीटरच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १० सेंटीमीटर असते. टायर पूर्ण बसून रिम जमिनीला टेकली तरी गाडी याहून खाली जाणार नाही, आणि तोवर टायर निकामी झालेला असेल. टायर शाबूत ठेवून मिळणारी जागा दोन-तीन सेंटीमीटरांची. अडकलेली गाडी सोडवायला ती कामी येते; बॅरियर पार करण्याचा बेत तिच्यावर आखू नये.

«पुढचा भाग गेला म्हणजे गाडी गेली»

हा समज सर्वांत महाग पडतो. सपाट रस्त्यावर तो खरा ठरू शकतो, पण पार्किंगचे बॅरियर बहुधा उताराच्या तोंडाशी असतात. तिथे गाडी तिरकी होते आणि तिची उंची ठिकाणागणिक बदलते.

चाकांमधले अंतर ३.३५ मीटर असलेली व्हॅन दर आठ मीटरला एक मीटर उतरणाऱ्या रॅम्पवर जात आहे असे धरू. पुढची चाके उतारावर आणि मागची उताराच्या माथ्यावर आली की नाक खाली जाते आणि मागच्या चाकांमागे लोंबणारा भाग वर उचलला जातो. हा भाग १.२ मीटर असेल तर टपाचे मागचे टोक सपाटीवर असते त्याहून १३ सेंटीमीटरच्या आसपास वर येते. पाइप नेमका तिथे असेल तर पुढून मोकळी गेलेली गाडी मागून अडकते, आणि चालक तोवर आरशात बघायचा थांबलेला असतो.

उताराच्या तळाशी दुसरा प्रकार होतो. पुढची चाके तळघराच्या फरशीवर, मागची अजून उतारावर, आणि दोहोंच्या मधोमध उताराचा सांधा. अशा वेळी गाडीचा मधला भाग त्या सांध्यापासून सुमारे १० सेंटीमीटर अधिक वर असतो. नेमक्या तिथेच छताची तुळई आडवी गेलेली असेल, तर पाटीवर लिहिलेल्या उंचीतले १० सेंटीमीटर गेलेच म्हणायचे. तुळईखालून गेलेले पाण्याचे आणि आग विझवण्याचे पाइप वेगळेच. दारावरची पाटी त्यांची दखल घेतेच असे नाही.

गतिरोधकाचाही हिशेब धरावा लागतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. तो बॅरियरला लागून असेल तर चाके त्यावर चढतात त्या क्षणी गाडी तेवढी उंच होते, आणि वेगात घेतला तर उसळून आणखी. या सगळ्यामुळे सपाटीवर १० आणि उतारावर किमान २० सेंटीमीटर मोकळी जागा ठेवणे शहाणपणाचे. त्याहून कमी असेल तर एका माणसाने खाली उतरून बाजूने टपाकडे बघावे आणि गाडी चालण्याच्या वेगाने न्यावी.

«पाटीवरच्या आकड्यात थोडी सूट धरलेलीच असते»

ब्रिटनमध्ये पुलावरची उंची लिहिताना मोजमापातून किमान तीन इंच वजा करण्याची पद्धत आहे. हा तिथला नियम आहे. प्रत्येक देशातल्या प्रत्येक पाटीला, आणि खासगी पार्किंगच्या पाटीला तर नाहीच, तो लावता येत नाही. शिवाय पाटी लागल्यानंतर रस्ता बदलतो. डांबराचा नवा थर ३० ते ५० मिलीमीटर जाडीचा असतो. जुना थर न खरवडता दोनदा डांबरीकरण झाले की पुलाखालची उंची ६ ते १० सेंटीमीटरने घटते, आणि पाटी जुनाच आकडा दाखवत राहते. दगडी कमानीच्या पुलाखाली तर उंची एक नसतेच: मध्यावर सर्वाधिक, कडेला कमी. उंच टपाच्या व्हॅनचा टप कडेपर्यंत चौकोनी असतो, त्यामुळे समोरून वाहन आले म्हणून डावीकडे सरकलेली गाडी कोपऱ्यात अडकते.

कायदेशीर उंचीची गाडी कुठूनही जाते हे गृहीतकही टिकत नाही. भारतात मालवाहू वाहनाच्या उंचीची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ३.८ वरून ४ मीटर झाली. दुमजली बससाठी ती ४.७५ मीटर आहे. भुयारी मार्गांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक शहरांत ५.५ आणि ग्रामीण भागात ५ मीटर मोकळी उंची सांगते, पण जुने रेल्वेपूल या मानकाच्या कितीतरी आधी बांधलेले आहेत. अमेरिकेतल्या डरॅम शहरातला एक रेल्वेपूल ११ फूट ८ इंच उंचीचा होता. पाट्या होत्या, उंच वाहन ओळखून सिग्नल लाल करणारी यंत्रणा बसवली होती, तरी ट्रकांचे टप सोलले जातच राहिले. २०१९ मध्ये तो आठ इंच वर उचलला, त्यानंतरही धडका थांबल्या नाहीत. भाड्याने ट्रक घेतलेल्या चालकांना आपण चालवत असलेल्या वाहनाची उंचीच ठाऊक नसते, हे तिथले एक मोठे कारण.

«हाइट गेज आणि बॅरियर फक्त धडक टाळण्यासाठी असतात»

विद्युतीकरण झालेल्या रेल्वेमार्गावर फाटकाच्या दोन्ही बाजूंना असलेली हाइट गेजची चौकट ४.६७ मीटरवर असते. वरची तार फाटकावर किमान ५.५ मीटर उंच असते आणि तिच्यात २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो. इतक्या दाबाची वीज स्पर्शाची वाट बघत नाही, जवळ आलेल्या वस्तूवर ती झेप घेते. म्हणून रेल्वे या तारेपासून दोन मीटर दूर राहायला सांगते. चौकटीखालून गेलेले वाहन सुरक्षित असते, त्याच्या टपावर बसलेला माणूस मात्र नाही. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले, त्यामुळे तिथल्या फाटकांवर ही सावधगिरी तुलनेने नवी आहे.

कमकुवत पुलावरच्या बॅरियरचा उद्देश तर वजनाचा आहे. उंच वाहन बहुधा जड असते, म्हणून उंची अडवून वजन अडवले जाते. वाळू भरलेली बुटकी गाडी बॅरियरखालून निघते म्हणून पुलाला ती पेलते असे होत नाही. तिथे वजनाच्या मर्यादेची पाटी वाचायची.

गाडी अडकलीच तर जोर लावून पुढे काढू नये. टपावरचे सामान उतरवावे, टायरमधली थोडी हवा सोडावी आणि आलेल्या वाटेनेच मागे घ्यावी. रेल्वेपुलाच्या तुळईला धडक बसली असेल तर गाडी निघाली म्हणून निघून जाऊ नये. धडकेने तुळई सरकून वरचा रूळ हललेला असू शकतो, म्हणून १३९ या रेल्वेच्या हेल्पलाइनवर किंवा जवळच्या स्थानकात लगेच कळवावे.