दीडशे ताटं आणि तोणाकाचा टोप

आमच्या गावच्या शाळेत नाताळच्या सुटीआधी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी संध्याकाळी डान्स असतो. जेवण आम्ही माजी विद्यार्थी करतो. शेजारची आंटी लग्नाच्या ऑर्डरी घेते. तिच्या हाताखाली मी दोन वर्षं हे काम केलं. एवढ्या जेवणाचा हिशेब कसा मांडायचा, ते इथे सांगते.

पहिल्या वर्षी आम्ही चुकलो. मुलं दीडशे. वर्गावर्गात विचारलं, शाकाहारी चाळीस निघाले. म्हणून अळसांद्यांचं तोणाक चाळीस जणांपुरतं आणि बाकीच्यांना चिकन काफ्रेआल. कागदावर सगळं बरोबर. पण तोणाक आणि पाव समोर दिसल्यावर गोव्यात सोडतो कोण? चिकन घेणाऱ्यांनीही वाटी पुढे केली. त्यात तो मार्गशीर्षातला गुरुवार. 'नॉनव्हेज' सांगितलेल्या कितीतरी मुलांना त्या दिवशी ते चालत नव्हतं, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. आठवीतली एक मुलगी पाव आणि कोशिंबीर घेऊन कोपऱ्यात बसली. विचारलं तर म्हणाली, "भूक नाही." खोटं बोलत होती. आंटी त्या रात्री माझ्याशी फारसं बोलली नाही.

तेव्हापासून हिशेब उलटा: शाकाहारी पदार्थ सगळ्यांसाठी, मांसाहारी फक्त खाणाऱ्यांसाठी. शाळकरी मुलाला पुलावाचे तांदूळ साधारण 80 ग्रॅम, म्हणजे दीडशे जणांना 12 किलो. पुलाव भाज्यांचाच. सुके अळसांदे माणशी 40 ग्रॅम, म्हणजे 6 किलो. ते आदल्या रात्रीच भिजत घालायचे. हाडासकट चिकन माणशी 150 ग्रॅम. नव्वद जण धरले तर साडेतेरा किलो, आणायचं चौदा. शाकाहारी टेबल वेगळं आणि त्याचा डावही वेगळा. आणि तारीख ठरवण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं! दुसऱ्या वर्षी आम्ही शाळेकडून शुक्रवार मागून घेतला.

सोरपोतेल मात्र काढून टाकलं. पोर्क सगळ्या मुलांना चालत नाही. आंटीला ते फार लागलं. नाताळ, आणि सोरपोतेल नाही? व्हिनेगरमुळे ते दोन-तीन दिवस मुरलं की जास्तच चांगलं लागतं, आधी करून ठेवता येतं, म्हणजे केटररला सोयीचंच. सान्नांही गेली. ती सुरेवर फुगवतात, पण ताजी सूर हल्ली सहज मिळत नाही आणि डिसेंबरच्या गार रात्री पीठ वेळेवर वर येईल याचा भरवसा नाही. पोदेराचे पाव बरे.

गोडात बिबिंक नको, त्यात अंड्यांचे बलक ढिगाने. दोदोल चालतं: तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, माडाचा गूळ, बस्स. आणि नेवऱ्या. चवथीला हिंदू घरात आणि नाताळला ख्रिस्ती घरात तळली जाते ती नेवरी, तिला कुणी नाही म्हणत नाही.

सगळ्यात जास्त सांभाळायचा तो भात. तांदळातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत आणि भात कोमट राहिला की वाढतात, मग परत गरम करूनही उपयोग होत नाही. म्हणून पुलाव सगळ्यात शेवटी चढवायचा आणि जाड बुडाच्या टोपात वाफ निघेल इतका गरम ठेवायचा, 60 अंशांच्या वर. तसं जमणार नसेल तर दोन तासांच्या आत वाढून संपवायचा.

जेवण डान्सच्या मध्यंतरात ठेवा. आधी दिलं तर पोटं जड होतात, शेवटी दिलं तर मुलं आईबाबांच्या गाड्यांकडे पळतात. नाचून आलेली मुलं भात कमी घेतात, पाणी मात्र बेसुमार पितात. वीस लिटरचे सहा जार लागले, शिवाय कोकम सरबत वेगळं.

दुसऱ्या वर्षी टोपाच्या तळाला दोन डाव तोणाक उरलं. ते आंटीने पावाला लावून उभ्या उभ्या खाल्लं. मग पिशवीतून डबा काढला. घरून आम्हा वाढणाऱ्यांसाठी सोरपोतेल करून आणलं होतं.