प्राथमिक शाळेची शेवटची परीक्षा आणि घरातील मंडळी

माघ-फाल्गुनाचे दिवस आले, की अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरापासून मुलुंडपर्यंत ज्या ज्या घरी प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गातील मूल आहे, त्या त्या घराचा नूर पालटतो. आजोबांच्या बातम्यांचा आवाज खाली येतो, पाहुण्यांस ‘परीक्षा झाल्यावर सावकाश या’ असा निरोप जातो, आणि दहा वर्षांच्या एका जिवाभोवती पाच-सहा मोठी माणसे येता-जाता ‘झाला का अभ्यास?’ असे विचारीत राहतात. परीक्षा देणाऱ्या मुलास उपदेश करणारे पुष्कळ आहेत. आज आम्ही त्याच्याभोवतीच्या ह्या मंडळींविषयीच लिहिणार आहोत.

मागल्या पिढ्यांत ही धास्ती अकारण नव्हती. मराठी सातवीच्या अखेरीस तेव्हा ‘व्हर्नाक्युलर फायनल’ची परीक्षा असे. ती उत्तीर्ण झालेल्यास प्राथमिक शाळेतील मास्तरकीची किंवा तलाठ्यासारख्या लहान सरकारी नोकरीची वाट मोकळी होई. ज्यांस ऐपत होती ते मराठी चौथीनंतर मुलास इंग्रजी शाळेत घालीत. ज्यांस नव्हती त्यांचा सारा भार ह्या ‘फायनल’वर असे. आपली उपनगरे त्या वेळी शहरात मोडत नव्हती. १९२० साली ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा निघाला, १९५० साली अंधेरी व घाटकोपर महापालिकेच्या हद्दीत आले, आणि बोरिवली-मुलुंडास त्यासाठी १९५७ साल उजाडावे लागले. तेथल्या मुलास ‘फायनल’ म्हणजे मीठभाकरीचा प्रश्न होता. ती परीक्षा गेली; तिची भीती मात्र वडिलोपार्जित भांड्यांसारखी घरात राहिली आहे, आणि पुष्कळ ठिकाणी ती भलत्याच परीक्षेवर ओतली जाते.

भलत्याच, असे आम्ही जाणून म्हणतो. आज ह्या वयाच्या मुलापुढे दोन निरनिराळ्या परीक्षा असतात आणि घरोघरी त्यांची गल्लत होते. पहिली शाळेची वार्षिक परीक्षा. शिक्षणहक्काचा कायदा २०१० साली अंमलात आल्यावर आठवीपर्यंत कोणासही नापास करावयाचे नाही असे ठरले होते. २०१९ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि महाराष्ट्राने २०२३ साली नियम बदलून पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा पुन्हा लावली. तीत मूल कमी पडले तर निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा मिळते. तीतही कमी पडले तर त्यास त्याच वर्गात बसावे लागते. म्हणजे वर्ष जाण्याचा धोका आहे तो ह्या परीक्षेत.

दुसरी शिष्यवृत्तीची. पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेकडून ती घेतली जाते. १९५४-५५ पासून चालत आलेली ही परीक्षा पुष्कळ वर्षे चौथी व सातवीस होती. प्राथमिक शिक्षण पाचवीपर्यंत धरले जाऊ लागल्यावर २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीस गेली, आणि २०२५ साली ती पुन्हा चौथी व सातवीकडे आणण्याचा निर्णय झाला. ह्या येरझाऱ्यांत पालक गोंधळले तर नवल नाही. आपल्या मुलाची पाळी कोणत्या वर्षी, हे शाळेतूनच समजून घ्यावे. ही परीक्षा ऐच्छिक आहे. तीत न बसणाऱ्याचे वर्ष जात नाही, बसून अपात्र ठरणाऱ्याचेही नाही. गुणवत्ता यादीत आलेल्यांसच शिष्यवृत्ती मिळते. प्राथमिक स्तरावर ती तीन वर्षे चालते, आणि अलीकडे वाढविलेल्या दराने वर्षाकाठी पाच हजार रुपये होते. तिच्या शिकवणीवर उपनगरांतील कित्येक घरे ह्याहून अधिक खर्च करतात, हे निराळेच.

आणि तरीही घरोघरी चित्र उलटे दिसते. वार्षिक परीक्षेविषयी ‘ती काय, होईलच’ असे म्हटले जाते आणि शिष्यवृत्तीसाठी सारे घर पणाला लागते. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ज्या मुलाचे भागाकार आणि वाचन अजून डळमळते आहे, त्यास त्या वर्षी शिष्यवृत्तीस बसवू नये, मग शेजारचे बसो की सख्खे चुलतभावंड बसो. विशेषतः एकाच घरात एकाच वर्गातील दोन मुले असतात तेव्हा ‘तो बसतो तर हाही’ ह्या न्यायाने दुसऱ्याची जी फरपट होते, ती आम्ही अनेक घरांत पाहिली आहे. तो मुलगा परीक्षा विसरतो. पानावर बसल्या बसल्या सर्वांदेखत वाचलेले दोघांचे गुण विसरत नाही.

ज्यास बसावयाचे आहे त्याच्याकडे आता वळू. दोन पेपर असतात. पहिल्यात प्रथम भाषा व गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा व बुद्धिमत्ता. प्रत्येकात पंचाहत्तर प्रश्न, दीडशे गुण आणि दीड तास वेळ. हिशेब केला तर एका प्रश्नास बहात्तर सेकंद येतात. पात्र ठरण्यास प्रत्येक पेपरात निदान चाळीस टक्के गुण लागतात. हे आकडे ऐकताच घरातील कर्ती माणसे ‘वेग वाढवा’ म्हणून मुलाच्या मागे लागतात आणि सराव-पत्रिकांचा गठ्ठा आणून टाकतात. येथेच मोठी चूक होते. अशा मुलांच्या चुकलेल्या पत्रिका घेऊन कोणीही सावकाश बसावे. न येणाऱ्या प्रश्नांपेक्षा नीट न वाचलेले प्रश्नच त्यांत अधिक निघतील. ‘पुढीलपैकी कोणती संख्या सहाने विभाज्य नाही?’ ह्यातील शेवटचा ‘नाही’ मुलाच्या डोळ्यांस दिसतच नाही. पहिला पर्याय चोवीस. चोवीसला सहाने भाग जातो. झाले, वर्तुळ काळे! मुलास भागाकार येत होता, विभाज्यता कळत होती, आणि दोन गुण गेले ते एका क्रियापदापायी. ह्या मुलास आणखी शंभर गणिते घालून काय होणार? तो तीच चूक शंभर वेळा अधिक वेगाने करील.

ह्यावर उपाय शिकवणीत नाही, घरातच आहे, आणि तो आजीलाही करता येतो. पत्रिकेतील पर्याय कागदाने झाकावे, मुलाने प्रश्न मोठ्याने वाचावा आणि ‘तुला काय विचारले आहे ते तुझ्या शब्दांत सांग’ एवढेच त्यास म्हणावे. उत्तर मागूच नये. रोज दहाच प्रश्न असे घ्यावे. सांगणाऱ्यास गणित येण्याची गरज नाही. उलट येत नसेल तर अधिक चांगले, कारण येणाऱ्याच्या तोंडून उत्तर निसटते. पंधरा-वीस दिवसांत मूल आपणहून प्रश्नातील नेमक्या शब्दाखाली रेघ ओढू लागते. पुढे वेग येतो तो ह्या वाचनातूनच.

बुद्धिमत्तेच्या पेपराचे बागुलबुवासारखे नाव आहे, पण त्यातील पुष्कळसा माल आपल्या घरात आणि आगगाडीतच पडलेला असतो. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, दोन्ही धरून, स्थानके किती? अंधेरी, जोगेश्वरी, राममंदिर, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली, अशी सात. आणि मधली अंतरे? सहा. (राममंदिर २०१६ साली झाले, कित्येक आजोबा अजूनही ते गाळून मोजतात, तेव्हा नातवास त्यांची चूक काढण्याचा आनंदही मिळतो.) घाटकोपर ते मुलुंड मोजा: स्थानके सहा, अंतरे पाच. खांब आणि मधली जागा, पायऱ्या आणि मजले, तारखा आणि दिवस, ही सारी गणिते ह्याच एका खोचेची. पंगतीत उजवीकडून सातवा आणि डावीकडून नववा तोच मुलगा असेल तर पंगत किती जणांची? सोळा म्हणणारा स्वतःस दोनदा वाढून घेतो. पंधरा हे उत्तर एकदा प्रत्यक्ष पाने मांडून दाखविले की पुन्हा चुकत नाही.

भाषेच्या बाबतीत तर वडीलधाऱ्यांजवळ ठेवाच आहे. म्हणी, वाक्प्रचार, समानार्थी शब्द ही मुले पाठ करतात आणि विसरतात. घरात बोलताना ऐकलेली म्हण त्यांस विसरावी लागत नाही. आपल्या उपनगरांत आता पुष्कळ मराठी घरांतील मुले इंग्रजी माध्यमात असतात. त्यांच्या पत्रिकेत तृतीय भाषा म्हणून मराठीच येते. हे पंचवीस प्रश्न म्हणजे घरचे आंदण, आणि नेमके तेच हातचे जातात; कारण मुलास ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत गोंधळ होतो आणि ‘पाऊण’ म्हणजे तीन छेद चार हे कोणी सांगितलेलेच नसते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी संख्यावाचनाची सोपी रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! त्या गदारोळातील निम्मा उत्साह जरी घरी पावकी-निमकी आणि सवायकी-दिडकी म्हणून घेण्यात खर्ची पडता, तरी मुलांचे कल्याण झाले असते. पाठांतर म्हणून नव्हे. भाजीच्या पिशवीतील पाव, अर्धा, पाऊण आणि सव्वा किलो मुलाने तोंडी हिशेबात आणावे म्हणून.

मात्र एकत्र कुटुंबात ह्या ठेव्याची अडचणही होते. काका वजाबाकी एका रीतीने शिकवितात, शाळेतील बाई दुसरीने. बाई दशकाकडून एक उसना घेतात. काकांच्या हातास वर दहा वाढवून खाली एक वाढविण्याची सवय. दोन्ही रीती बरोबर आहेत, उत्तर एकच येते. पण एकाच आठवड्यात दोन्ही ऐकणारे मूल अर्धी एक आणि अर्धी दुसरी वापरते. म्हणून रीत शाळेची चालावी, आणि गणित एकाच माणसाने पाहावे. बाकीच्यांनी गोष्टी सांगाव्या, म्हणी सांगाव्या, ऊन ऊन वरणभात वाढावा.

वेळेचेही तसेच. नोकरीवरची आई-वडील मंडळी लोकलमधून घामाघूम होऊन रात्री आठ-साडेआठला घरी येतात आणि तेव्हा अभ्यासास हात लागतो. त्या वेळी नवा धडा काढू नये. चुकलेल्या प्रश्नांची एक वही ठेवावी आणि प्रत्येकापुढे चुकण्याचे कारण एका शब्दात लिहावे: ‘वाचले नाही’, ‘येत नव्हते’ किंवा ‘घाई’. रात्री फक्त ही वही पाहावी. वीस मिनिटे पुरतात. साडेनऊला मूल अंथरुणात असावे. संपूर्ण पत्रिका आठवड्यातून एकदाच, सुटीच्या दिवशी सकाळी, घड्याळ लावून सोडवावी, आणि तीही पेनाने वर्तुळे काळी करूनच. एकदा काळे केलेले वर्तुळ बदलता येत नाही, आणि एखादा प्रश्न सोडून पुढे गेलेले मूल उत्तरपत्रिकेत मागलाच क्रमांक भरते व तेथून सारी माळ सरकते. ही गोष्ट घरीच दोनदा घडलेली बरी.

परीक्षेच्या दिवशी केंद्र दुसऱ्या शाळेत असते. आदल्या संध्याकाळी कोणीतरी मुलास घेऊन ते पाहून यावे. दोन पेपरांच्या मध्ये विश्रांती असते; तेव्हा फाटकापाशी पालकांची गर्दी उसळते आणि ‘सत्तावन्नाव्या प्रश्नाला काय लिहिलेस?’ असा एकच गलका होतो. मुलास तेथून जरा लांब न्यावे, दहीपोहे किंवा पोळीभाजी खाऊ घालावी, पाणी पाजावे आणि पहिल्या पेपराचा एकही प्रश्न विचारू नये. घरून फोन येतीलच. ते ज्याने त्यास आणले आहे त्याने उचलावे आणि ‘जेवतो आहे’ एवढे सांगून ठेवून द्यावे.