संमतिपत्रावरची सही

'सहभागी व्यक्तीने संमतिपत्रावर सही केलेली असते', हा वाहिन्यांचा ठरीव बचाव. ब्रिटनच्या आयटीव्हीवरील 'जेरेमी काइल शो'मध्ये आपली एकनिष्ठा सिद्ध करण्यास आलेला एक गृहस्थ असत्यशोधक चाचणीत 'नापास' ठरला. काही दिवसांतच त्याचा मृत्यू झाला आणि २००५ पासूनचा तो कार्यक्रम मे २०१९ मध्ये बंद झाला. मृत्यूशी कार्यक्रमाचा स्पष्ट कार्यकारणसंबंध २०२४ च्या चौकशीत आढळला नाही, हे मान्य. परंतु ज्या यंत्राचा निष्कर्ष इंग्लंडची फौजदारी न्यायालये पुरावा म्हणून स्वीकारीत नाहीत, त्याच्या बळावर भरसभेत माणसाची अब्रू काढण्याचा अधिकार एका सहीने कसा मिळावा? एका बाजूस वकिलांचा ताफा, दुसऱ्या बाजूस अगतिक माणूस. यास मुक्त विनिमय म्हणणे अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातही बसत नाही. सहभागींच्या हिताची योग्य काळजी घेण्याचे बंधन ऑफकॉम या नियामक संस्थेने वाहिन्यांवर घातले, ते एप्रिल २०२१ मध्ये.