घरातली कीड मारताना

बीदर आणि कलबुर्गी या सीमाभागातल्या जिल्ह्यांत घरातल्या किडीचेही हंगाम ठरलेले आहेत. संक्रांतीच्या आगेमागे तुरीची रास घरात येते आणि उन्हाळा लागेपर्यंत तिला भुंगा धरतो. मृगाचा पाऊस पडला की जांभ्याच्या भिंतींतून आणि शहाबादी फरशीच्या सांध्यांतून विंचू बाहेर येतात. रांजणात डास, स्वयंपाकघरात झुरळे आणि माळ्यावर उंदीर तर बारा महिने असतात. यांतल्या कोणाला मारायचे, कोणाला नुसते बाहेर काढायचे आणि मारायचेच तर कसे, हे प्रत्येक घर रोज ठरवत असते, बहुतेक वेळा हाताला लागेल त्या वस्तूने. पण मारण्याची एक रीत क्षणात संपते आणि दुसरी चार-चार दिवस चालते. हा फरक मरणाऱ्या जीवापुरता राहत नाही. घरातली मुले, मांजर आणि परसातले घुबड यांच्यापर्यंत तो पोचतो.

हा विचार या मुलखाला नवा नाही. भीमेच्या काठी सन्नती येथे, चंद्रलांबा मंदिराच्या परिसरात, अशोकाचे लेख सापडले. ज्या शिळेवर ते कोरलेले होते ती देवीच्या मूर्तीखाली बैठक म्हणून बसवलेली होती. सन्नतीच्या लेखांत किड्यांविषयी काही नाही. उत्तर भारतातल्या स्तंभांवर असलेल्या अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात मात्र अवध्य प्राण्यांची यादी आहे आणि तिच्या जोडीला एक आज्ञा आहे: ज्या भुशात जीव असतील तो जाळू नये. राजाने भुसा जाळायला सरसकट बंदी केली नाही, जाळण्याआधी त्यात जीव आहेत का एवढे बघायला सांगितले. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाज्ञेत एवढा बारकावा असावा, ही थक्क करणारी गोष्ट आहे.

सेडम तालुक्यातले मळखेड ही राष्ट्रकूटांची राजधानी. नवव्या शतकात अमोघवर्षाच्या काळात ते जैन विद्येचे मोठे केंद्र होते. जैन आचारशास्त्राने गृहस्थाच्या हातून होणाऱ्या हिंसेचे चार प्रकार केले आहेत. जाणूनबुजून केलेली ती संकल्पी, स्वयंपाक-झाडलोट अशा घरकामात घडणारी ती आरंभी, शेती-व्यवसायात घडणारी ती उद्योगी आणि स्वतःच्या वा आपल्या माणसांच्या रक्षणासाठी करावी लागणारी ती विरोधी. पहिली पूर्ण वर्ज्य आहे. उरलेल्या तीन गृहस्थाला टळत नाहीत, पण त्या कमीत कमी ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. जैन नसलेल्या घरालाही ही विभागणी उपयोगी पडते, कारण ती सगळे मारणे एकाच मापाने मोजत नाही.

बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसवेश्वरांनी दयेला धर्माचा पाया मानले. दगडाच्या नागाला दूध घालणारे लोक खरा नाग दिसताच त्याला मारायला धावतात, ही विसंगतीही त्यांनी एका वचनात दाखवून दिली. नागपंचमीला यादगीरजवळच्या कंदकूरच्या टेकडीवर विंचवांची पूजा होते. लोक दगडांखालचे विंचू काढून हातावर, अंगावर चालू देतात. हा भाग 2010 पर्यंत गुलबर्गा (आताच्या कलबुर्गी) जिल्ह्यातच होता. टेकडीवर पुजलेला विंचू दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात निघाला तर काय करायचे, हा बसवेश्वरांनी विचारला त्याच जातीचा प्रश्न आहे.

किड्यांना वेदना होतात का, याचे पक्के उत्तर विज्ञानाजवळ अजून नाही, पण दहा-पंधरा वर्षांपूर्वी होती तेवढी बेफिकिरी आता उरलेली नाही. इजा टाळण्याची प्रतिक्षिप्त क्रिया किड्यांत असते हे जुनेच ज्ञान आहे. खरा प्रश्न त्यापुढचा: ती इजा त्यांना जाणवते का? 2022 मध्ये लंडनच्या संशोधकांनी आजवरचे पुरावे आठ निकषांवर तपासले. इजेची संवेदना मेंदूपर्यंत जाते का, किडा इजा आणि लाभ यांची तुलना करतो का, जखमेची काळजी घेतो का, असे ते निकष होते. माश्या-डासांचा गट आणि झुरळ-वाळवीचा गट आठांपैकी सहा निकषांना उतरले. इतर गटांवर अभ्यासच कमी झाला आहे. यावरून वेदना सिद्ध होत नाही, पण ती शक्यता झटकून टाकता येत नाही, आणि शंकेचा फायदा द्यायला गृहिणीला किंवा शेतकऱ्याला फारसा खर्चही येत नाही.

तुरीच्या भुंग्यात हे सर्वांत स्पष्ट दिसते. तुरीचा दाणा उजेडात धरला की त्यावर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसतो. ते मादीने चिकटवलेले अंडे. अळी तिथूनच दाण्यात शिरते, आतला गर खाते आणि तीन-चार आठवड्यांत गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो. बाहेर आलेला भुंगा धान्य खात नाही. थोड्या दिवसांच्या आयुष्यात तो वीण तेवढी वाढवतो. पुष्कळदा ही अंडी शेतातल्या शेंगांवरूनच घरात आलेली असतात. म्हणून कोठी भरण्याआधी तूर कडक उन्हात वाळवणे आणि लवकर डाळ करून घेणे हे दोन उपाय सर्वांत चांगले. डाळ झालेल्या तुरीत या किड्याची वीण जवळजवळ होत नाही. अख्खी तूर ठेवायचीच असेल तर खाद्यतेलाचा हात फिरवावा, म्हणजे अंडी जगत नाहीत. रवा-मैद्यासारखा थोडा जिन्नस तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवला तरी चालते. थंडीत किडे आधी बधिर होतात आणि मग मरतात. वेळेवर वाळवलेल्या राशीत जेवढे जीव मरतात, त्याच्या कितीतरी पट जीव दुर्लक्ष केलेल्या कोठीत जन्मतात आणि पुढे मारावे लागतात.

कोठीत टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कधीही वापरू नयेत. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, तो बंद खोलीत झोपलेल्या माणसांना मारतो आणि त्यावर उतारा नाही. म्हणूनच त्यांची विक्री आणि वापर परवानाधारकांपुरता मर्यादित आहे.

विंचू आपणहून माणसाच्या मागे लागत नाही, पण लाल विंचवाचे विष लहान मुलाच्या हृदयावर आघात करते. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी या दंशाच्या उपचारात प्राझोसिन हे औषध रुळवल्यापासून पुष्कळ मुले वाचली आहेत. तरीही दंश झालेल्या मुलाला मांत्रिकाकडे न नेता लगेच दवाखान्यातच न्यायला हवे. फरशीचे सांधे सिमेंटने बुजवणे, सरपण आणि गोवऱ्या भिंतीला लागून न रचणे, जोडे झटकून घालणे ही खरी व्यवस्था. निघालाच तर लांब चिमट्याने बरणीत घेऊन दूरच्या बांधावर सोडता येतो. अंधारात, मुले झोपलेली असताना हे जमण्यासारखे नसेल तर मारणे समर्थनीय आहे, पण ते एका जड घावाने व्हावे. रॉकेल ओतून पेटवण्याला कोणतेही समर्थन नाही.

डासांच्या बाबतीत मात्र मनात किंतु ठेवण्याचे कारण नाही. 2005-06 च्या चिकुनगुनियाच्या साथीत गुलबर्गा आणि बीदर हे दोन्ही जिल्हे होरपळले. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि पाणीटंचाईच्या या भागात घरोघरी रांजण, टाकी, कूलर भरलेले असतात. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून, घासून, कोरडी केली आणि टाकीला घट्ट झाकण लावले की डास जन्मण्याआधीच प्रश्न मिटतो. ही सरळसरळ विरोधी हिंसा आहे, आणि तीही कमीत कमी.

झुरळावर फवारा मारला की ते लगेच मरत नाही. फवाऱ्यातली पायरेथ्रॉइड रसायने मज्जातंतूंना शांत होऊ देत नाहीत, त्यामुळे ते उलटे पडून बराच वेळ थरथरत राहते. त्यापेक्षा जोरदार फटका बरा. अर्धमेले झालेले तसेच सोडू नये. रात्री खरकटे उघडे न ठेवणे आणि मोरीची जाळी बसवणे याने झुरळे जेवढी कमी होतात तेवढी कोणत्याच फवाऱ्याने होत नाहीत. पाल विषारी नाही, ती डास आणि झुरळे खाते. तिला हात लावण्याचे कारणच नाही.

उंदराला वेदना होतात याबद्दल विज्ञानात शंका नाही, आणि नेमकी सर्वांत क्रूर साधने त्याच्यासाठीच विकली जातात. चिकट पाटीवर अडकलेला उंदीर सुटण्याच्या धडपडीत स्वतःची कातडी सोलून घेतो आणि तासन्‌तास, कधी दिवसभरानंतर, तहानेने व थकव्याने मरतो. ब्रोमॅडिओलोनसारख्या विषाने रक्त गोठणे थांबते आणि आतल्या रक्तस्रावाने मरायला त्याला काही दिवस लागतात. त्या दिवसांत गुंगलेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर विष पुढे जाते. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर लहान मुलांच्याही जिवावर उठते. पिंजरा चांगला, पण तो सकाळ-संध्याकाळ पाहिला तरच. आणि पकडलेला उंदीर पिंजऱ्यासकट बादलीत बुडवणे ही दयेची रीत नव्हे. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने प्राण्यांना बुडवून मारणे स्पष्टपणे अमान्य केले आहे. मारायचेच तर मानेवर बसणारा मजबूत स्प्रिंगचा चाप यांतल्या सगळ्यांपेक्षा कमी यातना देतो. त्याआधी दाराखालची फट आणि भिंतीतली भोके बुजवावीत: करंगळी जाईल एवढी जागा घरउंदराला पुरते.

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात मनुष्याखेरीज प्रत्येक सजीवाला ‘प्राणी’ म्हटले आहे, आणि भारतीय प्राणी कल्याण मंडळाने चिकट पाट्यांविरुद्ध राज्यांना सूचना दिल्या आहेत. इंग्लंडने 2022 मध्ये त्यांच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे त्या अजून किराणा दुकानांत टांगलेल्या दिसतात. त्या विकत घेऊ नयेत आणि उंदीर बुडवणेही बंद करावे. चाप कुठल्याही बाजारात मिळतो आणि वर्षानुवर्षे टिकतो.