तीन बांधांचे शेत

शाळेत त्रिकोणाचे क्षेत्रफळ घोकताना ‘याचा व्यवहारात उपयोग काय?’ असे आम्ही मुले एकमेकांना विचारीत असू. त्याचे उत्तर मला पुढे काकूंनी दिले; आणि ते आठवले की आजही माझी मान खाली जाते.

काका वारल्यावर वडिलांनी घरच्या घरी जमिनीची निम्मी-निम्मी वाटणी केली. शिकलेला म्हणून मोजणी माझ्याकडे आली. साखळी ३३ फुटांची. साखळीभर लांब नि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा. आमचा तुकडा काटकोनी, ६ साखळ्या लांब, ५ रुंद. म्हणजे ३० गुंठे. काकूंचा ओढ्याकाठचा तुकडा मात्र तीन बांधांचा होता : १०, ७ आणि ५ साखळ्या. मी गावातली ऐकीव रीत लावली. समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढायची आणि गुणायचे. चौथा बांध नाही, म्हणून तो शून्य! दहाचे निम्मे ५, सात आणि पाचाची सरासरी ६. सहा पंचे तीस. वाटणी कशी अगदी समान! सातबारावरच्या एकूण आकड्याशी बेरीज ताडून पाहावी, हे कोणालाच सुचले नाही.

रब्बीची पेरणी झाली आणि काकू दारात आल्या. “बाळ, तीस गुंठ्यांचं बियाणं आणलं होतं. जवळजवळ निम्मं उरलं रे! पाभर चुकली, का शेत?”

मी दोरी घेऊन धावलो. कोपऱ्यावरच्या बाभळीपासून समोरच्या दहा साखळ्यांच्या बांधापर्यंतचे सर्वांत जवळचे अंतर मोजले. तोच लंब. तो भरला अवघा ३ साखळ्या ४ आणे. सोळा आण्यांची साखळी, म्हणजे सव्वातीन. पायाचे निम्मे ५, गुणिले सव्वातीन : सव्वासोळा गुंठे! पाभर बरोबर होती. चुकलो होतो मी.

वाचकहो, त्या रीतीतली गंमत पाहा. उरलेले दोन बांध पाच-पाच साखळ्यांचे असते, तर ते दहाच्या बांधावरच आडवे पडले असते. शेत उरलेच नसते. तरी माझ्या हिशेबाने २५ गुंठे निघाले असते! ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच अशा उत्तराला ‘स्थूल’ म्हटले आणि सूक्ष्म रीत वेगळी सांगितली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही पायाचे निम्मे गुणिले लंब हाच नियम आहे. चौकोनी रुमाल कर्णावर दुमडला की निम्मा होतो, इतकेच त्याचे मर्म.

मी वडिलांना सारे सांगितले. त्यांनी कागद मागितला. तीस आणि सव्वासोळा मिळून सव्वासेहेचाळीस. प्रत्येकी २३ गुंठे २ आणे. दुसऱ्याच दिवशी आमच्यातले ६ गुंठे १४ आणे काकूंकडे गेले. नव्या बांधाचा दगड मीच रोवला, आणि उरलेले बियाणे काकूंनी त्या तुकड्यात पेरले.