फुल चार्जवर नांदेड-लातूर-नांदेड होतं का? ईव्हीबद्दलचे ७ गैरसमज आणि खरी परिस्थिती

सकाळी नांदेडहून निघायचं, लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचं, नीटच्या तयारीसाठी तिथं राहणाऱ्या मुलाला भेटायचं आणि रात्रीच्या जेवणाला घरी परत यायचं. मराठवाड्यातल्या अनेक कुटुंबांचा हा ठरलेला प्रवास आहे. जाऊन-येऊन साधारण २८० किलोमीटर. इलेक्ट्रिक कार घ्यायचा विषय निघाला की घरात पहिला प्रश्न येतो तो याच प्रवासाचा. मग एक जण म्हणतो, ‘रस्त्यात बंद पडेल’, दुसरा म्हणतो, ‘उन्हात पेटेल’, आणि शोरूममधला सेल्समन म्हणतो, ‘काहीच टेन्शन नाही’. तिघांचंही पूर्ण बरोबर नाही. का, ते समजून घेऊ.

१. ‘कंपनी सांगते तेवढी रेंज मिळते’

ब्रोशरवरचा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. टाटा नेक्सॉन ईव्हीच्या ४५ युनिट बॅटरीच्या मॉडेलची प्रमाणित रेंज ४८९ किलोमीटर आहे. प्रत्यक्षात ती ३५० किलोमीटरच्या आसपास धरावी, असं कंपनीच्याच अंदाजातून दिसतं.

हायवेवर हा आकडा आणखी खाली येतो. वेग ८० वरून १०० वर नेला की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त वाढतो. ताशी ८० च्या वेगाने किलोमीटरला ०.१४ युनिट लागतात असं धरलं, तर ४५ युनिटमध्ये ३०० किलोमीटरच्या वर जाता येतं. म्हणजे लातूरहून परत येता येतं, पण हातात फार काही उरत नाही. वेग १०० ठेवला आणि खर्च ०.१७ युनिटवर गेला, तर हीच गाडी २६० च्या आसपास थांबते. म्हणजे नांदेड अजून वीस किलोमीटर लांब! एसीला तुलनेने कमी वीज लागते. भर उन्हातही हायवेवर साधारण १० टक्के धरून चाला.

२०-२५ युनिट बॅटरीच्या छोट्या गाड्या शहरात उत्तम चालतात. लातूरला त्या एका चार्जवर पोहोचतील, पण परत निघण्याआधी चार्जिंग लागेलच.

२. ‘घरी साधा प्लग आहे, झालं काम’

१५-१६ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी साधारण ३ किलोवॉट वीज ओढते, तीही सलग आठ-दहा तास. गिझर वीस मिनिटं चालतो, हे रात्रभर चालतं. त्यामुळे एक्स्टेंशन बोर्ड, जुनी वायर किंवा सैल सॉकेट तापून वितळू शकतं. चार्जरसाठी मीटरपासून वेगळी, योग्य जाडीची वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवा.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. अर्थिंग नीट नसेल तर अनेक चार्जर लाल दिवा दाखवून चार्जिंग सुरूच करत नाहीत. आपल्याकडे उन्हाळ्यात काळी माती कोरडी होऊन भेगाळते आणि जमिनीचा विद्युत विरोध वाढतो. पावसाळ्यात चाललेलं अर्थिंग मे महिन्यात दगा देतं, ते यामुळे. गाडी बुक करण्याआधीच वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत राहा.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर चार्ज करू, हेही विसरा. घरचा इन्व्हर्टर दिवे-पंख्यांसाठी असतो. ३ किलोवॉटचा भार तो पेलणार नाही.

३. ‘एक रुपयात किलोमीटर, म्हणजे फायदाच फायदा’

हिशोब मांडून पाहू. महिन्याला १,००० किलोमीटर चालवली, तर चार्जिंगमधली गळती धरून सुमारे १६० युनिट लागतात. घरचा वापर १५० युनिट असेल, तर एकूण आकडा ३१० होतो. महावितरणचा पुढचा, महाग टप्पा ३०० युनिटनंतर सुरू होतो. म्हणून गाडीचा खर्च सरासरी दराने नाही, तर वरच्या टप्प्याच्या दराने काढा. युनिटला १२ रुपये धरले तरी महिन्याचे १,९०० रुपये होतात. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि मायलेज १६ धरलं, तर तेवढ्याच अंतराला साडेसहा हजार लागतात. महिन्याची बचत साधारण ४,६०० रुपये.

पण गाडी पेट्रोलपेक्षा तीन लाखांनी महाग पडली असेल, तर फरक भरून निघायला साडेपाच वर्षं लागतील. महिन्याला ५०० किलोमीटरच चालत असेल, तर अकरा वर्षं. सगळं चार्जिंग बाहेरच्या फास्ट चार्जरवर होणार असेल, तर युनिटला २० रुपये किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात आणि बचत आणखी घटते. थोडक्यात, रोजची धाव जास्त आणि चार्जिंग घरी, त्यालाच खरा फायदा.

रात्री वीज स्वस्त असते, हाही समज तपासून घ्या. टीओडी स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सवलत आहे ती सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर.

४. ‘मराठवाड्याच्या उन्हात बॅटरी तीन वर्षांत संपते’

उष्णता बॅटरीला मारक आहे, हे खरं. पण बहुतेक नव्या कारमध्ये बॅटरी थंड ठेवण्यासाठी कूलंट फिरवणारी यंत्रणा असते आणि बऱ्याच कंपन्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळेल, हे कागदावर वाचूनच सही करा. वॉरंटीनंतर बॅटरी बदलण्याचा खर्च लाखांत जातो. जुनी ईव्ही घेताना तर बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट आधी मागा.

काळजी सोपी आहे. १०० टक्के चार्ज केलेली गाडी भर उन्हात दिवसभर उभी करू नका. सावली शोधा, रोजच्या वापराला ८० टक्के पुरे. काही गाड्यांत एलएफपी प्रकारची बॅटरी असते. तिला अधूनमधून पूर्ण चार्ज करायला कंपनीच सांगते, त्यामुळे मॅन्युअल पाहा. आणि हो, ईव्हीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती बसली तर मोठी बॅटरी फुल असूनही गाडी सुरू होत नाही.

५. ‘पाण्यात शॉक बसतो’ किंवा ‘इंजिन नाही, घाला पाण्यात!’

हे दोन्ही समज चुकीचे आहेत. अनेक कारच्या बॅटरीला आयपी ६७ मानांकन असतं. म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटांपर्यंत बॅटरीत पाणी शिरू नये, अशी चाचणी झालेली असते. बिघाड जाणवताच यंत्रणा हाय व्होल्टेज जोडणी तोडते. त्यामुळे पावसात चालवणं किंवा गाडी धुणं यात धोका नाही.

पण ही चाचणी स्थिर पाण्यातली आहे. वाहतं पाणी वेगळं. ते फूटभर असलं तरी छोटी कार उचलून नेऊ शकतं, मग ती पेट्रोलची असो वा विजेची. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातल्या पुराने काय केलं, ते नांदेडकर विसरलेले नाहीत. पुलावरून पाणी वाहत असेल, तर थांबणं हाच उपाय.

६. ‘ईव्ही म्हणजे पेटणारी गाडी’

२०२२ च्या उन्हाळ्यात देशात अनेक ई-स्कूटर जळाल्या, त्याच वर्षी जूनमध्ये वसईत एका इलेक्ट्रिक कारला आग लागली. भीती तिथून बसली. त्यानंतर केंद्राने बॅटरी सुरक्षेचे नियम कडक केले आणि डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. पेट्रोलच्या गाड्याही जळतात. फरक असा, की लिथियम बॅटरीची आग विझवायला खूप पाणी लागतं आणि विझल्यावरही ती पुन्हा भडकू शकते. म्हणून गाडीतून धूर दिसला, तर सामान काढत बसू नका. लांब जा आणि अग्निशमन दलाला ‘गाडी इलेक्ट्रिक आहे’ हे आधी सांगा. गाडीच्या खालच्या बाजूला दगडाचा जोरात मार बसला असेल, तर सर्व्हिस सेंटरला दाखवल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

७. ‘टोल माफ, इन्कम टॅक्स माफ, सबसिडीही मिळते’

महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात टोलमाफी आहे, पण ती अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धी महामार्गावर. नांदेड-लातूर रस्ता हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे. त्यावर ही माफी लागू नाही, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा.

ईव्हीच्या कर्जावरील व्याजाला दीड लाखांपर्यंत आयकर वजावट देणारं कलम ८० ईईबी फक्त ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांसाठी आहे. आज कर्ज घेणाऱ्याला ते मिळत नाही. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी कारला अनुदान नाही. खरा फायदा आहे तो ५ टक्के जीएसटीचा आणि राज्याच्या मोटार वाहन करातल्या सवलतीचा. ऑन-रोड किमतीत तो दिसतोय का, हे कोटेशनमध्ये तपासा.

बुक करण्याआधी हे करा

गेल्या तीन महिन्यांची धाव वहीत लिहा. वीजबिलावरचा मंजूर भार पाहा, कमी असेल तर वाढवून घ्या. ईव्हीसाठी वेगळी वीजजोडणी मागण्याचा हक्क ग्राहकाला २०२४ च्या केंद्रीय नियमांनी दिला आहे. टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती नको, शक्य असेल तर चार माणसं बसवून, एसी लावून हायवेवर घ्या. लातूरच्या फेरीआधी वाटेतले दोन चार्जर ॲपवर पाहून ठेवा. एक बंद असला, तर दुसऱ्यापर्यंत पोहोचेल एवढी बॅटरी शिल्लक हवी. हा हिशोब जमत असेल, तर ईव्ही तुमच्यासाठी आहे. जमत नसेल, तर शेजाऱ्याने घेतली म्हणून घाई करू नका.